पिल्लाला जागेवर शांत बसायला शिकवताना: गादीपासून फाटकापर्यंत

मागच्या जानेवारीतली सकाळ. कचरागाडीचं गाणं ऐकू आलं, मी ओल्या कचऱ्याची बादली घेऊन फाटक उघडलं आणि माझ्या दोन पायांमधून आमची कुत्री सरकी सुटली. तेव्हा ती अडीच महिन्यांची होती. समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्या मुलीनं कचकन ब्रेक मारला. ती पडली नाही, सरकीलाही काही झालं नाही, बादली मात्र सगळी रस्त्यावर. मी "थांब, थांब, अगं थांब" ओरडत मागे पळत होते आणि माझ्या आवाजानं सरकी आणखी जोरात. तिच्या लेखी आम्ही दोघी मिळून गाडीचा पाठलाग करत होतो.

घरी येऊन पाणी प्यायले आणि विचार केला. पंधरा दिवसांत "थांब" हा शब्द मी तिला हजारदा म्हटला असेन. शिकवला एकदाही नव्हता.

सरकी गावठी आहे. पावसाळा सरता सरता मोकाट कुत्र्या गाभण राहतात आणि थंडीत गल्लोगल्ली पिल्लं दिसतात, त्यातलीच ही. कापसासारखी पांढरी, पाठीवर काळे ठिपके. सासूबाईंचं माहेर यवतमाळकडे, कापसाच्या शेतातलं. त्यांनी बघताक्षणी नाव ठेवलं सरकी. आम्ही नागपुरात, त्रिमूर्तीनगरात तळमजल्यावर राहतो. समोर छपरी (म्हणजे पडवी), छपरीपुढे छोटं अंगण, मग फाटक. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि नववीतला मुलगा. हे सांगते कारण पुढची निम्मी भानगड कुत्र्याची नाही, घरातल्या माणसांची आहे.

तुमच्याकडे नुकतं पिल्लू आलं असेल तर या क्रमानं जा. आठ आठवड्यांच्या पिल्लालाही यातल्या पहिल्या काही पायऱ्या जमतात. (पिल्लू विकत घेत असाल तर एवढं लक्षात ठेवा: कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. पाच आठवड्यांचं पिल्लू "लवकर लळा लागतो" म्हणून गळ्यात मारणाऱ्याकडून घेऊ नका.)

१. काय शिकवायचंय ते आधी ठरवा

"न हलणं" आणि "शांत बसणं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धाक दाखवला की पिल्लू हलत नाही, पण त्याचे कान मागे गेलेले असतात, ते जीभ नाकावर फिरवतं, जांभया देतं, नजर चोरतं. ते शांत नसतं, अडकलेलं असतं. तुमची पाठ फिरली की उठणारच.

शांत पिल्लू कसं दिसतं ते मला सरकीनं दाखवलं. आधी ती पोटावर बसायची, चारही पाय खाली तयार, स्प्रिंगसारखे. मग कधीतरी डावी मांडी एका बाजूला सांडायची, कंबर कलायची, हनुवटी पुढच्या पायांवर यायची आणि नाकातून एक लांब श्वास बाहेर पडायचा, दिवसभर शेतात राबून आलेल्या माणसासारखा. तो श्वास ओळखायला शिका. आपल्याला तेवढाच हवाय.

२. शब्द ठरवा, आणि घरातल्या सगळ्यांना पाठ करायला लावा

मराठी घरात ही पायरी सगळ्यात अवघड, असं माझं मत झालंय. आपले रोजचे शब्द बघा. "बस" म्हणजे खाली बस, आणि "बस" म्हणजे पुरे. भाजी वाढताना "बस बस", भांडताना "बस झालं आता". आमच्याकडे पाहुणे आले की सासूबाई म्हणतात "बसा ना भाऊ", आणि पाहुण्याआधी सरकी बसते. "थांब"ची तर त्याहून वाईट अवस्था. "थांब, आले", "थांब जरा, फोन आहे", "थांब, तुझ्या बाबांना सांगते". दिवसभर हवेत फिरणाऱ्या शब्दाला पिल्लानं काय अर्थ लावावा?

त्यात घरातला प्रत्येक जण वेगळं बोलतो. आमच्याकडे मी "थांब" म्हणायचे, हे "रुक", मुलगा "स्टे" आणि सासूबाई "अवं बस न व एका जागी".

म्हणून असे शब्द निवडा जे एरवी कुणी बोलत नाही, किंवा निदान त्या सुरात बोलत नाही. आम्ही तीन ठरवले:

- "जागेवर": गादीवर जा आणि तिथंच राहा.
- "शाब्बास": हेच हवं होतं, खाऊ येतोय.
- "सुट्टी": झालं, आता उठलीस तरी चालेल.

तिसरा शब्द नवे लोक हमखास विसरतात, आणि माझ्या मते तोच पहिला. सुरुवात सांगितली आणि शेवट सांगितलाच नाही, तर शेवट कधी करायचा ते पिल्लू स्वतः ठरवणार. शाळेची घंटाच झाली नाही तर पोरं खिडकीतून पळतीलच ना! "सुट्टी" म्हणायची, आनंदानं म्हणायची, पण खाऊ तेव्हा द्यायचा नाही. खाऊ बसल्याचा, उठल्याचा नाही.

हे तीन शब्द कागदावर लिहून आम्ही फ्रिजवर चिकटवले. सासूबाईंना "जागेवर" पटायला आठवडा लागला.

३. सामान आणि कागद

फार काही लागत नाही.

- एक गादी. दुकानातली महागडी नको. जुनी गोधडी चार घड्या करून टाके मारा, झालं. उचलून नेता आली पाहिजे, आणि खाली घसरायला नको. आपल्याकडच्या गुळगुळीत टाइल्सवर पिल्लाचे पाय फाकतात आणि ते त्या जागेला घाबरायला लागतं. गोधडीखाली रबरी जाळीचा तुकडा टाका.
- खाऊ. उकडलेलं चिकन किंवा घरचं पनीर, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे. शाकाहारी घरात पनीर आणि उकडलेलं गाजर यांवर भागतं, अधूनमधून सोललेले फुटाणेही चालतात. दिवसभराचा असा वरखाऊ एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, नाहीतर पोट बिघडतं. मनुका, द्राक्षं, कांदा, लसूण, चॉकलेट अजिबात नाही, कुत्र्यांना ते विषारी आहे. तर्री-पोह्यातला पोहाही नाही, सासूबाई कितीही प्रेमानं देवोत.
- अंगाला बसणारा हार्नेस आणि दोन मीटरचा साधा पट्टा. गळ्याला आवळणारा साखळी-पट्टा नको.
- लसींचं कार्ड. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, पुढच्या तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं साधारण सोळा आठवड्यांपर्यंत, रेबीजची तीन महिने पूर्ण झाल्यावर. घराबाहेरचा सराव कधी सुरू करायचा ते या कार्डावर ठरतं. आम्ही सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात जातो. तिथल्या रांगेत पिल्लाला जमिनीवर ठेवू नका, मांडीवर घ्या. पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या आजाराचा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो.

गादीची जागा निवडताना नागपूरकरांसाठी एक खास इशारा: कूलरपासून दूर. मार्चमध्ये कूलर निघाले की गार झुळकीसाठी पिल्लू तिथंच जाणार आणि आपल्यालाही वाटणार, बरंय, तिथंच गादी टाकू. पण कूलरखाली फरशी ओली असते, पंपाची वायर लोंबत असते आणि चार महिन्यांच्या पिल्लाला दात शिवशिवत असतात. कूलरचा शॉक माणसाला सोडत नाही तिथं पिल्लाचं काय! आम्ही गादी समोरच्या भिंतीला ठेवली, वारा पोचेल इतकी, वायर पोचणार नाही इतकी. अर्थिंगही तपासून घेतलं, ते तसंही करायचंच होतं.

४. वेळ साधा

पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपतं, आणि झोपायला हवंच. जे पिल्लू संध्याकाळी वेड्यासारखं घरभर पळतं, पायांना चावतं, ते बरेचदा उनाड नसतं, झोपेला आलेलं असतं. त्याला शिकवायला बसू नका, झोपवा.

बरी वेळ म्हणजे शी-सू झालेली, थोडं खेळून झालेलं, पोट निम्मं रिकामं. एका वेळी तीन मिनिटं, फार तर पाच. दिवसातून तीन-चारदा. मी कुकर लावला की पहिल्या शिट्टीपर्यंत सरकीचा वर्ग घ्यायचे, तेवढा पुरतो.

५. गादी आवडू द्या

अजून काहीही आज्ञा नाही. गादी टाका आणि गप्प उभे राहा. पिल्लू वास घ्यायला येईल. एक पाय गादीवर पडला की "शाब्बास", आणि खाऊ हातातून न देता गादीवर ठेवा. हातातून दिला तर ते तुमच्या हाताकडे बघत बसतं. गादीवर ठेवला तर त्याला वाटतं, या गोधडीतच काहीतरी उगवतं.

दोन पाय, चार पाय, मग आपणहून बसणं, मग आडवं होणं. प्रत्येक टप्प्याला खाऊ. ढकलायचं नाही, कंबर दाबायची नाही. चार-पाच दिवसांत गादी दिसली की पिल्लू धावत जाऊन बसायला लागेल. त्यानंतर, ते गादीकडे निघालेलं असतानाच "जागेवर" म्हणायला सुरुवात करा. कृती आधी, शब्द मागाहून. बहुतेक जण उलटं करतात, मीही केलं होतं.

६. शांतपणा दिसला की टिपा

ही पायरी वर्गाबाहेरची आहे आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त फळ हिनंच दिलं. आपलं लक्ष पिल्लाकडे कधी जातं? ते भुंकलं, चप्पल पळवली, पडदा ओढला की. ते कोपऱ्यात शहाण्यासारखं पडलेलं असतं तेव्हा आपण म्हणतो, बरं झालं, झोपलंय, हात लावू नका. म्हणजे धिंगाणा केला की माणसं मिळतात आणि शांत राहिलं की कुणी विचारत नाही, हाच धडा आपण रोज देतो.

एका डबीत खाऊ ठेवा, स्वयंपाकघरात एक, हॉलमध्ये एक. येता-जाता पिल्लू आपणहून गादीवर, जागं पण शांत दिसलं की न बोलता जवळ जा, दोन पायांच्या मध्ये एक दाणा ठेवा आणि निघून जा. "शाब्बास" नको, लाड नकोत, नाहीतर ते उठून नाचायला लागतं. अगदी देवळात दानपेटीत पैसे टाकून पुढे सरकतो तसं.

सासूबाई सगळ्यात आधी याच कामात तरबेज झाल्या. त्या दुपारी गहू निवडत बसायच्या, शेजारी सरकी. दर थोड्या वेळानं एक फुटाणा गादीवर पडायचा. मला म्हणाल्या, "तू शिकवतं शिकवतं म्हणून गंज धावपळ करून राह्यली. म्या काहीच नाही केलं, पोट्टी आपोआप बसून राह्यते." ते काहीच न करणंच शिकवणं होतं, पण वाद कोण घालणार!

७. सेकंद मोजा

आता वाढवायच्या तीन गोष्टी: वेळ, अंतर, गडबड. एका वेळी एकच. एक वाढवली की बाकीच्या दोन उतरवायच्या. नवे लोक इथंच घसरतात.

आधी वेळ. पिल्लू गादीवर, तुम्ही अगदी समोर. एक सेकंद, खाऊ. दोन सेकंद, खाऊ. पण १, २, ३, ४, ५ असा जिना चढू नका. दर वेळी आधीपेक्षा कठीण होत गेलं की पिल्लाला लवकरच कळतं, हे काम दिवसेंदिवस तोट्याचं होतंय. वर-खाली ठेवा: १, ३, २, ५, १, ४, ७, २. मध्येच सोपं आलं की हुरूप टिकतो.

पाचांपैकी चार वेळा जमलं तर पुढे सरका. लागोपाठ दोनदा उठलं तर मागे या, विचार न करता. उठलं म्हणजे हट्टी नाही, तुम्ही जास्त मागितलं. रागवायचं नाही, "अं हं" नाही, काही नाही. परत गादीवर आणा आणि या वेळी निम्मा वेळ मागा.

आणि खाऊ द्यायला नेहमी तुम्ही त्याच्याकडे जा, त्याला तुमच्याकडे बोलावू नका. मी पहिले दहा दिवस लांबून "ये सरकी, ये" करून खाऊ देत होते. परिणाम असा की ती बसल्या बसल्या शेपूट हलवत, एक पाय उचलून, मी कधी बोलावते याचीच वाट बघायची. बसणं म्हणजे धावण्याआधीची तयारी, असा तिचा समज झाला. तो मोडायला मला तीन आठवडे लागले.

आमचा हिशोब सांगते, तुमचा वेगळा असू शकतो: तीन महिन्यांची असताना दहा सेकंद, साडेतीनला अर्धा मिनिट, पाच महिन्यांची झाली तेव्हा माझा चहा होईपर्यंत. चार महिन्यांच्या आत मिनिटापेक्षा जास्त मागू नका. लहान मुलाला पूर्ण कीर्तनभर मांडी घालून बसवण्यासारखं आहे ते.

८. अंतर

अर्धं पाऊल मागे, लगेच परत, खाऊ. एक पाऊल. बाजूला एक पाऊल. मग पाठ फिरवून, ही एक वेगळीच पायरी आहे. तोंड समोर असताना तीन पावलं जमणारं पिल्लू पाठ दिसली की अर्ध्या पावलावर उठतं, म्हणून पाठीचा सराव पुन्हा शून्यापासून. शेवटी दाराआड एक सेकंद दिसेनासं होणं.

इथं घाई करू नका, कारण आत भीती असते. दिसेनासं झाल्यावर पिल्लू रडत असेल, धापा टाकत असेल, तर तो "जागेवर"चा प्रश्न नाही, एकटं राहण्याचा आहे. तो वेगळा हाताळावा लागतो, आणि डॉक्टरांशी बोलणं बरं.

९. घरातली गडबड

यादी करा आणि सोप्याकडून कठीणाकडे जा. आमची अशी होती: हातातून चमचा पडणं, कूलर चालू होणं, कुकरची शिट्टी, मुलाचा चेंडू, वरच्या मजल्यावरची पावलं, बेल, पाहुणा, आणि सगळ्यात शेवटी कचरागाडी.

प्रत्येक आवाज आधी लांबून, बारीक. कूलरचा पंखा आधी हळू, पंप नंतर. बेल मोबाइलवर रेकॉर्ड करून अगदी हळू वाजवली: बेल, दाणा, बेल, दाणा. आठवडाभरानं बेल वाजली की सरकी दाराकडे धावण्याआधी गादीकडे बघायला लागली. मुलाला बाहेर उभं करून खरी बेल वाजवायला लावली. चाळीस वेळा वाजवली त्यानं, शेजारच्या काकू बघायला आल्या.

पाहुण्यांना आधी सांगून ठेवा: आत आल्यावर पिल्लाकडे बघू नका, बोलू नका, ते शांत झालं की मीच सांगते. कुणी ऐकत नाही, "अगं मला कुत्रे चालतात" म्हणत सरळ वाकतात. अशा लोकांसाठी पट्टा आहे. पट्टा पायाखाली धरा, ओढू नका, उडी मारण्यापुरती ढील मिळणार नाही एवढंच.

१०. दार आणि फाटक

हे वेगळं शिकवा, कारण इथं जिवाशी गाठ आहे. पट्टा लावलेला, तुम्ही फाटकाच्या आत. हात कडीकडे न्या. पिल्लू बसून राहिलं तर दाणा. उठलं तर हात खाली, गप्प. पुन्हा. कडी वाजली, दाणा. फाटक बोटभर उघडलं, दाणा, बंद. वीतभर, दाणा, बंद. उठलं की फाटक बंद होतं, बसलं की उघडतं, हा नियम पिल्लाला तुमच्या कुठल्याही शब्दापेक्षा लवकर कळतो. आणि फाटकाबाहेर जायचं ते "सुट्टी" ऐकूनच.

पक्कं होईपर्यंत पट्ट्याशिवाय फाटक उघडायचं नाही. घरात मुलं असतील तर फाटकाला आतून दुसरी कडी लावून घ्या, वर, त्यांचा हात पोचणार नाही अशी. आमच्याकडे ती त्या जानेवारीच्या दिवशी संध्याकाळीच बसली.

११. बाहेर

लसी पूर्ण व्हायच्या आधी पिल्लाला कडेवर घेऊन जग दाखवा. तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत जे बघितलं ते त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं. बस, बैलगाडी, छत्री, काठीवाले आजोबा, सगळं. लसी झाल्या की गादी घेऊन आधी आपलीच गल्ली, मग जरा वर्दळीचा कोपरा. फुटाळा तलावावर संध्याकाळी पहिल्याच दिवशी नेऊ नका. भाजलेली कणसं, फुगे, मोटारसायकली, गर्दी, तिथं माझंही लक्ष जागेवर राहत नाही. सकाळी सहाला जा.

मार्चपासून जूनपर्यंत बाहेरचा सराव सकाळी सातच्या आत, नाहीतर नाहीच. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, तर घरातच. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवा, नाही ठेववली तर पिल्लाचे तळवेही नाही सोसणार. डांबर संध्याकाळी सातलाही तापलेलं असतं. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग गार करतं. म्हणून उन्हाळ्यात तोंड उघडं टाकून धापा टाकणारं पिल्लू "शांत बसलंय" समजू नका. त्याला सावली आणि पाणी हवंय.

जिथं सगळे अडकतात

शब्द परत परत म्हणणं. "जागेवर, जागेवर, सरकी जागेवर" म्हटलं की पिल्लू तिसऱ्या वेळेची वाट बघायला शिकतं. एकदाच म्हणा.

गादीची शिक्षा करणं. चप्पल फाडली म्हणून ओरडून "जागेवर!" म्हटलंत तर महिन्याची मेहनत एका वाक्यात गेली. ती गोधडी त्याचं माहेर असायला हवी, कोठडी नाही.

बांधून ठेवून शिकवणं. दोरी हलू देत नाही, शांत करत नाही.

धाकानं शिकवणारे. ओळखीतून एक जण आमच्याकडे आले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी सरकीची कंबर दाबली, पट्ट्याला झटका दिला, आणि ती बसली. हे प्रभावित झाले. मी तिची शेपूट बघत होते, ती पोटाखाली गेली होती. त्यानंतर चार दिवस ती गादीच्या जवळून जाताना वळसा घालून जायची. त्यांना आम्ही परत बोलावलं नाही, आणि गोधडीचा रंगसुद्धा बदलून सुरुवात केली.

खाऊ एकदम बंद करणं. तीन महिन्यांनी वाटतं, आता येतं की तिला, कशाला रोजचं पनीर. कमी करा, पण अनियमितपणे. कधी दुसऱ्या वेळी, कधी सातव्या. बंदच केलात तर काही दिवस पिल्लू जोरजोरात भुंकून, पंजा मारून आठवण करून देईल, आणि तेव्हा दिलात तर भुंकण्याचा पगार सुरू होईल.

आणखी एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. सहा-सात महिन्यांचं झालं की पिल्लू सगळं विसरल्यासारखं वागतं. नाव हाक मारली तर मान वळवत नाही, जागेवर म्हटलं तर अंगणाकडे बघतं. घाबरू नका, वयात येतंय. पायरी पाचवर परत जा, दोन-तीन आठवडे. नसबंदीचं डॉक्टरांशी याच सुमारास बोला.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या पोळ्याला, सरकी दहा महिन्यांची होती. सकाळपासून धोतर-फेटे घातलेली पोरं लाकडी बैल ओढत दारात येत होती, चाकं फरशीवर खडखड वाजत होती, बोजाऱ्यासाठी, म्हणजे बैलामागे मिळणाऱ्या पैशांसाठी, हात पुढे. सतरा बैल आले. सरकी छपरीत गोधडीवर होती, पट्टा माझ्या पायाखाली. नवव्या बैलाला ती उठली, कारण त्या पोरानं बैलाच्या गळ्यात खरी घुंगरं बांधली होती. मी काही बोलले नाही. तिला परत बसवलं, त्या पोराला म्हटलं, बाळा जरा लांब उभा राहा, आणि त्याच्या हातावर इतरांपेक्षा पाच रुपये जास्त ठेवले. उरलेल्या आठांना ती उठली नाही.

कचरागाडीला मात्र अजून फाटकाजवळ बसवत नाही. छपरीत, गोधडीवर, पट्ट्यासकट. गाणं गल्लीच्या तोंडाशी आलं की तिचे कान उभे राहतात, मागचा एक पाय ताणला जातो, ती माझ्याकडे बघते, आणि मी एक दाणा गोधडीवर ठेवते. मग बादली घेऊन हे बाहेर जातात.